घरचे फोटो, कागद आणि आवाज पुढच्या तीस वर्षांसाठी ठेवायचे कशावर?

गोदाकाठची · सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. नाशिकच्या पंचवटीतून लिहितेय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटातल्या साड्यांखालून आमची जुनी एक्स्टर्नल हार्ड डिस्क निघाली. १ टीबीची, २०१५च्या सिंहस्थाच्या तोंडावर मुद्दाम घेतलेली. चार वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. लॅपटॉपला जोडली, निळा दिवा लागला, आतून टक्... टक्... टक्... असा आवाज आला आणि ती गप्प झाली. तीनदा लावली, तीनदा तेच. एका दुकानात नेली, तर त्यांनी तिथल्या तिथे काउंटरवर, पंख्याखाली, स्क्रू काढून झाकण उघडलं. पुढे पुण्याच्या एका लॅबकडे पाठवली तेव्हा कळलं की ती अशी उघडायचीच नसते, तबकडीवर धुळीचा कण बसला तरी होतं नव्हतं ते जातं. शेवटी निम्म्याहून थोडं जास्त परत मिळालं. फोल्डर नाहीत, फाइलींना नावं नाहीत, नुसते आकडे. लेकीचं बारसं आणि रामकुंडावरची गर्दी एकाच ढिगात.

खरा घाव वेगळाच आहे. माझ्या वडिलांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. चाळीस मिनिटं. आजी १९९८ मध्ये गेली, वडील २०२१ मध्ये. त्या चाळीसांतली अकरा मिनिटं हाती लागली. ऐकताना मध्येच ओवी तुटते आणि पुढे काहीच नाही.

शिवाय २००३च्या सिंहस्थापासूनच्या २२ सीडी आहेत. ९ चालतात, १३ नुसत्या फिरत राहतात.

आता फोन, कॅमेरा, स्कॅन केलेले कागद असं सगळं मिळून १.४ टीबी भरतंय. लेक अकरा वर्षांची आहे. ती चाळिशीला येईल तेव्हा तिला हे उघडता यावं, एवढीच इच्छा. हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह, ती 'हजार वर्षं टिकणारी' डीव्हीडी की क्लाउड? खर्चाची तयारी आहे. पुन्हा हे सोसायची नाही.

सिडकोकर · सोमवार, रात्री ११.०५

ताई, एसएसडी घ्या. आत फिरणारं काहीच नसतं, हातातून पडली तरी बिघडत नाही. माझी चार वर्षं मस्त चालतेय.

सर्व्हररूम_अंबड · मंगळवार, सकाळी ७.२०

ताई, वाचून फार वाईट वाटलं. इथल्या इतर वाचकांसाठी आधी एक सांगतो: टक्-टक् आवाज करणारी डिस्क पुन्हा पुन्हा जोडायची नाही. आतलं वाचणारं टोक जागेवर पोचत नसतं, दर वेळी ते तबकडी खरवडायची भीती असते. आवाज ऐकला की वायर काढायची आणि थेट डेटा रिकव्हरीच्या लॅबला द्यायची.

सिडकोकर, तुमची एसएसडी चार वर्षं चालतेय कारण ती रोज चालू आहे. रोजच्या कामाला तीच उत्तम, त्यात वाद नाही. पण कपाटात ठेवून द्यायला ती चालत नाही. एसएसडी काय, पेन ड्राइव्ह काय, मेमरी कार्ड काय, सगळ्यांत माहिती म्हणजे इवल्या इवल्या कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. वीज न मिळता पडून राहिली की तो झिरपत जातो, आणि उकाड्यात जास्तच वेगाने. जेडेक या, चिप आणि मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१०च्या मानकात घरगुती एसएसडीकडून अपेक्षा एवढीच आहे की तिची लिहिण्याची ठरलेली क्षमता वापरून झाल्यावर, विजेशिवाय, ३० अंश सेल्सिअसला तिने १ वर्ष माहिती धरून ठेवावी. नवी कोरी एसएसडी यापेक्षा पुष्कळ जास्त धरते. पण मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ३० अंश कुठले?

मी अंबड एमआयडीसीत एका कारखान्याची सर्व्हर रूम १९ वर्षं सांभाळतोय. कुठलीही डिस्क घेतली की ती एक दिवस जाणार हे धरूनच मी तिच्यावर काही ठेवतो. बॅकब्लेझ नावाची अमेरिकन कंपनी तिच्या लाखो हार्ड डिस्कांचा हिशोब २०१३ पासून जाहीर करते. २०२३ मध्ये तिच्याकडे वर्षाला १.४ टक्के या दराने डिस्क गेल्या. म्हणजे शंभरातली एक किंवा दोन. आकडा लहान वाटतो, पण ती एक आपली असली की आपल्यासाठी तो शंभर टक्केच. आता गणित बघा. दोन वेगळ्या डिस्क दोन वेगळ्या घरांत असतील, तर दोन्ही एकाच वर्षात जायची शक्यता साधारण पाच हजारांत एक. आणि पहिली गेल्याचं लगेच कळलं, नवी आणून कॉपी केली, तर ती आणखी खाली जाते. सगळी मेख त्या 'लगेच कळलं' मध्ये आहे. तुमची डिस्क कदाचित दोन वर्षांपूर्वीच आजारी पडली असेल. कुणाला कळलं नाही कारण कुणी लावून पाहिली नाही.

पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा हिशोब आम्ही वापरतो: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. तुमच्यासाठी माझं सरळ उत्तर असं: लॅपटॉपमध्ये किंवा त्याला कायम जोडलेली एक प्रत, कपाटात एक हार्ड डिस्क, दुसऱ्या घरी एक हार्ड डिस्क. आणि अगदी जीव अडकलेलं जे आहे, ओव्या, लग्नं, बारसं, आई-वडिलांचे आवाज, ते याशिवाय क्लाउडवर. ते काढून बघा, १.४ टीबीतलं ५० जीबीसुद्धा भरायचं नाही.

गोदाकाठची · मंगळवार, सकाळी ९.१०

दादा, मनापासून आभार. हार्ड डिस्क घेताना काय बघायचं तेही सांगा. दुकानात गेलं की "कुठली देऊ, ब्लॅक का ब्लू?" एवढंच विचारतात.

सर्व्हररूम_अंबड · मंगळवार, दुपारी १.४५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, सुचेल तसं.

दोन डिस्क घ्या, पण दोन कंपन्यांच्या. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून आलेल्या जुळ्या डिस्कांना जुळी दुखणी व्हायची शक्यता असते. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्क सोयीच्या, पण त्यातल्या काहींत यूएसबीचं तोंड थेट आतल्या बोर्डालाच जोडलेलं असतं. ते तोंड सैल झालं की डिस्क धडधाकट असूनही आतलं काढणं जिकिरीचं होतं. कपाटात स्थिर ठेवायची असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेली साडेतीन इंची बघा. आतली डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालता येण्याची शक्यता तिच्यात जास्त असते.

आणली की लगेच फोटो भरायचे नाहीत. आधी ती तोंडापर्यंत भरून पुन्हा वाचून बघायची. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ-थ्री, दोन्ही फुकट आहेत. रात्रभर चालू द्या. नव्या डिस्कमधला जन्मजात दोष बहुधा इथेच बाहेर पडतो. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डाच्या बाबतीत तर हे सोडूच नका. १ टीबी लिहिलेलं आणि आत ३२ जीबीची चिप असलेले बनावट तुकडे बाजारात असतात. कॉपी करताना कसलीही तक्रार करत नाहीत, वाचायला गेलं की रिकामे.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाकून डिस्कची नाडी बघायची. यादीत ०५, सी५ आणि सी६ हे तीन क्रमांक शोधा. खराब झालेले आणि खराब व्हायच्या बेतात असलेले भाग तिथे मोजले जातात. तिन्हींच्या कच्च्या आकड्यात शून्य हवं. शून्याचा एक झाला की घाबरायचं कारण नाही, पण त्या महिन्यात नवी डिस्क आणायची. आकडा वाढत चालला तर त्याच दिवशी.

आणि वायर डिस्कबरोबरच ठेवा. तुमच्या २०१५च्या डिस्कला ते रुंद, दोन पाकळ्यांचं तोंड होतं ना? आज दुकानात मागितली तर ती वायर शोधावी लागते.

द्राक्षबाग_दिंडोरी · मंगळवार, रात्री ८.३०

आमचं तुमच्यासारखं टीबीत नाही, पण अडतं तिथंच. फवारणीची डायरी, औषधांची बिलं, रेसिड्यूचे रिपोर्ट, प्लॉटची नोंदणी, सातबारा, बँकेचे कागद. सगळ्यांचे फोटो फोनमध्ये आणि एक पेन ड्राइव्ह पॅकहाउसच्या ड्रॉवरमध्ये. मागच्या हंगामात निर्यातीच्या वेळी दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट मागितला, पेन ड्राइव्ह लावला तर "फॉरमॅट करायचा का" असं विचारतोय. लॅबने परत पाठवला म्हणून निभावलं. कॉम्प्युटरवर बसायला वेळ नाही. सोपं काही सांगा.

सर्व्हररूम_अंबड · मंगळवार, रात्री ९.१५

दादा, फॉरमॅट केला नसेल तर अजून करू नका, आतलं काढता येण्याची आशा आहे.

कागदांचं वजन फार नसतं. वर्षाचं सगळं मिळून २-३ जीबी. गूगलच्या फुकट १५ जीबीत बसेल, नाहीतर १०० जीबी महिन्याला १३० रुपयांना मिळतात. फोनच्या गॅलरीत ठेवू नका, ड्राइव्हमध्ये वर्षाच्या नावाचं फोल्डर करा, आणि हंगाम संपला, छाटणी सुरू व्हायच्या आधी, ते फोल्डर मुलाकडून घरच्या कॉम्प्युटरवर आणि एका हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. वर्षातून एक दिवस.

फोटोस्टुडिओ_मेनरोड · बुधवार, सकाळी १०.५०

ताईंनी सीडीचं आणि 'हजार वर्षांच्या' डीव्हीडीचं विचारलंय, त्याबद्दल मी बोलतो. लग्नांचे फोटो लोकांना सीडीवर देण्यात माझी पंधरा वर्षं गेली.

साध्या सीडीत माहिती रंगाच्या एका पातळ थरावर लिहिलेली असते. ऊन, दमट हवा, उष्णता यांनी तो रंग उडतो. तुमच्या बंद पडलेल्या सीडीतली एखादी ट्यूबलाइटसमोर धरून बघा. टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली, तर वरचा चकाकता थरच गेलाय आणि तिथलं परत येत नाही. आमच्याकडे सगळे हौसेने सीडीवर गोल स्टिकर लावायचे, गणपतीचं चित्र, वधूवरांची नावं. त्या स्टिकरचा गोंद पावसाळ्यात ओढ घेतो आणि थर सोबत घेऊन येतो. मी स्वतः अशा कितीतरी सीडी करून दिल्या आहेत. आज लोक त्या घेऊन येतात आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

एम-डिस्क, म्हणजे तीच 'हजार वर्षांची', वेगळी. तिच्यात रंगाऐवजी दगडासारखा निर्जीव थर असतो, लेझर त्यात खळगा कोरतो. तो उन्हाने उडत नाही. हजार वर्षांचा दावा प्रयोगशाळेतल्या अंदाजाचा आहे, पण साध्या सीडीपेक्षा ती दमदार आहे हे मी मानतो. ४.७ जीबीची डीव्हीडी, २५ आणि १०० जीबीची ब्लू-रे अशा येतात. तुमच्या १.४ टीबीला २५च्या ५६ लागतील. तेवढं करू नका. पण सर्व्हररूम म्हणतात त्या ५० जीबीसाठी दोन-तीन डिस्क लिहून ठेवायला काय हरकत आहे? एकदा लिहिली की तिच्यावर पुन्हा लिहिता येत नाही, म्हणजे व्हायरस आला किंवा कुणी चुकून पुसलं तरी ती शाबूत.

माझी काळजी डिस्कची नाही, ती वाचणाऱ्या यंत्राची आहे. एम-डिस्क काढणारी मूळ कंपनी २०१६ मध्ये बुडाली. सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कांचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. दुसऱ्या कंपन्यांच्या मिळतात, पण नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची फटच राहिलेली नाही. म्हणून डिस्क घेणार असाल तर बाहेरून जोडायचा ड्राइव्हही घ्या आणि तोही जपून ठेवा.

भांडीबाजार · बुधवार, दुपारी ४.२०

घराबाहेरची प्रत हा मुद्दा वाचून लोक पुढे जातात. मी थांबून सांगतो.

ऑगस्ट २०१६. पाणी सराफ बाजारात शिरलं तेव्हा आम्ही दुकानातला माल वर काढण्यात गुंतलो होतो. कॉम्प्युटर खाली टेबलावर. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून, रबर बँड लावून. इतकी काळजी घेतली होती. पाणी उतरल्यावर ड्रॉवर उघडला तर पिशवीत गाळ. दोन्ही प्रती एकाच तासात गेल्या. हिशोबाचं कसंबसं उभं केलं, पण धाकट्या भावाच्या लग्नाचा सगळा व्हिडिओ तिच्यात होता.

नाशिककरांना सांगायला नको, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की आपण कुठे कुठे फोन करतो. १९६९चा पूर आमच्या आजोबांनी पाहिला, २००८चा वडिलांनी आणि मी, २०१६ आणि २०१९चा आम्ही सगळ्यांनी. ताई, तुम्ही पंचवटीत आहात. दुसरी प्रत गंगेपलीकडे, म्हणजे गोदावरीपलीकडे, उंचावर ठेवा. इंदिरानगर, सातपूर, नाशिकरोड, कुठंही. आमची आता बहिणीकडे सिडकोत असते. ती राखीला येते तेव्हा तिकडची घेऊन येते आणि इकडची घेऊन जाते. त्यामुळे वर्षातून एकदा तरी अदलाबदल होतेच, लक्षात ठेवावं लागत नाही.

गोदाकाठची · बुधवार, रात्री ९.००

राखीची कल्पना फार आवडली. भाऊ नाशिकरोडला असतो. पण दुसऱ्याच्या घरी डिस्क ठेवायची तर बँकेचे कागद, आधार, सगळं उघडं राहणार. कुलूप लावता येतं ना?

सिडकोकर · बुधवार, रात्री ९.३०

बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्ट. पासवर्ड टाकल्याशिवाय डिस्क उघडतच नाही.

शरणपूररोड · बुधवार, रात्री ११.५०

मी इथं वाचते, लिहीत नाही. कुलपाचा विषय निघाला म्हणून लिहितेय.

माझे यजमान सगळं अगदी व्यवस्थित ठेवायचे. दोन डिस्क, तारखा घातलेल्या, लेबल लावलेल्या, दोन्हींना पासवर्ड. २०२२ मध्ये ते अचानक गेले. डिस्क माझ्या समोर आहेत, धडधाकट आहेत, आणि मला उघडत नाहीत. मुलांचे वाढदिवस, आमचं जन्मतारखांचं सगळं करून पाहिलं. जाणकारांना दाखवलं, ते म्हणाले पासवर्डशिवाय हे कुणालाच उघडता येणार नाही, कुलूप आहेच तसं. मी त्या टाकून दिलेल्या नाहीत.

गोदाकाठची ताई, बँकेच्या कागदांचं वेगळं छोटं फोल्डर करा आणि कुलूप फक्त त्याला लावा. फोटोंना नको. फोटो चोरून कोण काय करणार आहे? आणि जो पासवर्ड असेल तो कागदावर लिहून, पाकिटात घालून, घरच्या दुसऱ्या माणसाला दाखवून ठेवा. सोन्याच्या डब्यात ठेवा, देव्हाऱ्याखाली ठेवा, पण कागदावर ठेवा.

गूगलचंही सांगते. दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती ते पुसू शकतात, डिसेंबर २०२३ पासून सुरुवात झाली आहे. यजमानांचं खातं मुलाच्या जुन्या फोनवर उघडं होतं म्हणून वाचलं. खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' म्हणून असतं. आपण ३ ते १८ महिन्यांपैकी ठरवू तितका काळ खातं बंद राहिलं की आपण नेमलेल्या माणसाला आतलं मिळतं. दहा मिनिटांचं काम आहे. आज करा.

सर्व्हररूम_अंबड · गुरुवार, सकाळी ६.५०

शरणपूररोड ताई, तुम्ही लिहिलंत, फार मोठं काम केलंत. मी आज पहाटे उठून आधी पाकीट केलं आणि बायकोला दाखवलं. १९ वर्षं या कामात असून माझ्या घरी ते नव्हतं. त्या डिस्क जपून ठेवा. आणि विंडोजचं बिटलॉकर असेल तर त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की बऱ्याचदा त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, किंवा करताना छापून घेतलेली असते. त्यांच्या फाइलींमध्ये, पासबुकांमध्ये सहा-सहा आकड्यांचे आठ गट असलेला कागद सापडतो का, एकदा बघा.

शरणपूररोड · गुरुवार, सकाळी ८.१५

खात्यात कधी बघितलं नाही. मुलगा शनिवारी येतोय. बघतो आम्ही.

त्र्यंबककर · गुरुवार, दुपारी १२.३०

आमच्या घरात, विधीसाठी येणाऱ्या यजमानांच्या वंशावळीच्या वह्या आहेत. त्र्यंबकला आलेल्या घराण्यांची नावं, गाव, कोण कुणाचा, कुठल्या निमित्ताने आले, आणि खाली त्यांच्या हातची सही. सगळ्यात जुन्या वहीचा कागद आता बोटाला पिठासारखा लागतो. तरी तिच्यातलं नाव विचारलं तर मी सांगू शकतो, कारण पणजोबांनी ती नव्या वहीत उतरवली, आणि ती वडिलांनी पुढच्या वहीत.

वडील उतरवून घ्यायचे तेव्हाचं मला आठवतं. मी मोठ्याने वाचायचो, ते लिहायचे. पान संपलं की ते त्यांचं लिहिलेलं वाचायचे आणि मी जुन्या पानावर बोट ठेवून तपासायचो. एक नाव चुकलं तर पुढच्या माणसाला त्याचा आजोबाच सापडायचा नाही, असं ते म्हणायचे. कॉम्प्युटरवर कॉपी केल्यावर असं बोट ठेवून तपासता येतं का? नुसतं 'कॉपी झालं' म्हणतो, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

सर्व्हररूम_अंबड · गुरुवार, दुपारी २.१०

गुरुजी, अगदी हेच विचारायला हवं होतं, आणि बोट ठेवता येतं. त्याला चेकसम किंवा हॅश म्हणतात. प्रत्येक फाइलचा एक अंगठ्याचा ठसा समजा. फोटोतला एक ठिपका बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. मूळ फाइलचा ठसा काढायचा, प्रतीचा काढायचा, दोन्ही जुळले की प्रत खरी. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा त्यासाठी आधीपासूनच असते. आज्ञा टाइप करायच्या नसतील तर टेराकॉपी या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पडताळणीची खूण चालू करा, कॉपी झाल्यावर ते स्वतःच जुळवून बघतं. ठशांची यादी फोल्डरमध्येच साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. पाच वर्षांनी पुन्हा ठसे काढून त्या यादीशी जुळवा, कुठला फोटो कुजलाय ते नावासकट कळतं.

यात एक धोका लोकांना माहीत नसतो. मूळ फोटो आतून खराब झाला, अर्धा राखाडी झाला, आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर 'बदललेली फाइल' म्हणून तोच चांगल्या प्रतीवर लिहितं. सिंक, म्हणजे दोन जागा आपोआप सारख्या ठेवणं, हा बॅकअप नव्हे, तो याच कारणाने. गूगल फोटोजचंही तसंच. फोनमध्ये जागा करायला तिथून पुसलं की क्लाउडमधलंही जातं, बॅकअप झालेले फोटो बिनमध्ये ६० दिवस राहतात आणि मग संपलं. म्हणून जुन्या वर्षांची फोल्डरं एकदा तपासून झाली की त्यांना हात लावायचा नाही. नवं तेवढं वाढवत जायचं.

देवळालीकर · शुक्रवार, सकाळी ११.१५

तुम्ही सगळे डिस्क टिकवायचं बोलताय. फाइल टिकली आणि वाचताच आली नाही तर?

मी पंचवीस वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांचे अंक. सगळं श्रीलिपीत आणि शिवाजी फॉन्टमध्ये. परवा एका ज्येष्ठ कवींच्या घरून २००१ची फाइल आली. फाइल पूर्ण शाबूत, एक बिट हललेला नाही. उघडली तर स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. कारण ते फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचे, तिथे 'क' म्हणजे खरं तर कुठलंतरी रोमन अक्षर आहे आणि फॉन्ट त्याच्यावर मराठीचं रूप चढवतो. फॉन्ट नाही, तर मराठी नाही. जुन्या मशिनवर फॉन्ट होता म्हणून त्यांच्या सत्तर कविता मी युनिकोडमध्ये आणू शकलो. रफार आणि जोडाक्षरं हाताने दुरुस्त करावी लागली, दोन आठवडे गेले.

ज्यांच्या घरी आई-वडिलांनी टाइप करून ठेवलेलं काही असेल, आत्मचरित्र, कविता, घराण्याचा इतिहास, त्यांनी आजच उघडून बघावं. युनिकोडमध्ये करून घ्या, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ करा, आणि कागदावर छापून ठेवा. चांगल्या कागदावरची छापील प्रत वाचायला कुठलंही यंत्र लागत नाही.

फोटो जेपेगमध्ये, आवाज वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये. चाळीस मिनिटांच्या ओव्या वेव्हमध्ये चांगल्या दर्जाने ४०० एमबीच्या आसपास होतील. आजच्या डिस्कला ते काहीच नाही, तेव्हा दाबून लहान करू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो हा मूळ फोटो नसतो, तो बारीक केलेला असतो. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ मागून घ्या.

गोदाकाठची ताई, एक विचारतो. ती कॅसेट कुठे आहे?

गोदाकाठची · शुक्रवार, रात्री १०.३०

देवळालीकर काका, तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. इतके दिवस मी फाइलच्या मागे होते. कॅसेट वडिलांनी कुणाकडून तरी आणली होती. आज सगळ्यांना फोन केले. सिन्नरच्या आत्याकडे आहे. तिच्या ट्रंकेत, पातळाच्या घडीत. डबीवर वडिलांच्या अक्षरात 'आई, दळण, १९९४'.

उद्या सकाळची पहिली गाडी पकडतेय.

देवळालीकर · शुक्रवार, रात्री १०.४५

घरच्या कुठल्याही टेपमध्ये घालू नका! आधी माझ्याकडे आणा. कॅसेट बरीच वर्षं गुंडाळलेली असेल तर फीत एकमेकींना चिकटते, जुन्या टेपच्या रबरी चाकात गुंतली तर तुटते. माझा डेक साफ करून ठेवतो. बसमध्ये स्पीकरजवळ ठेवू नका, त्यातल्या चुंबकापासून लांबच बरी.

गोदाकाठची · पाच आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ३.००

मंडळी, उशीर झाला, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

कॅसेट चालली. काकांनी आधी ती पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे हळू गुंडाळली, मग लावली. दुसऱ्या बाजूलाही ओव्या होत्या! वडिलांनी एकच बाजू उतरवली होती. एकूण ७८ मिनिटं. एका ठिकाणी आजी थांबते, जात्यात दाणे टाकते, मागे माझ्या आईचा आवाज येतो "चहा ठेवलाय", आणि आजी पुन्हा सुरू होते. आई ते ऐकून बराच वेळ गप्प बसली होती.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या ४ टीबीच्या हार्ड डिस्क घेतल्या. दोन्ही भरून, वाचून तपासल्या. एकीत पहिल्याच रात्री चूक निघाली, दुकानदाराने बदलून दिली. तपासली नसती तर माझे फोटो तिच्यातच गेले असते. एक माझ्याकडे पोटमाळ्याजवळच्या कपाटात, एक भावाकडे नाशिकरोडला. राखीला अदलाबदल. ओव्या, वडिलांचा आवाज, लग्नं, बारसं मिळून ३८ जीबी निघालं. ते क्लाउडवर आणि दोन एम-डिस्कवर. ठशांची यादी लेकीने केली, तिला ते फार आवडलं. एक साधी फाइलही लिहिली आहे, 'आधी हे वाच' नावाची: कुठे काय आहे, फोटोत कोण कोण आहे, कुणाचं कोण. पासवर्ड एकच, तो पाकिटात.

शरणपूररोड ताई, तुमचं काही कळलं का?

शरणपूररोड · रविवार, संध्याकाळी ६.४०

खात्यात एका डिस्कची की होती. एक उघडली. दुसरीची अजून सापडली नाही, पुस्तकांची एकेक पानं बघतोय. उघडली त्यात त्यांनी मुलाला सायकल शिकवतानाचा व्हिडिओ आहे.

सर्व्हररूम_अंबड · रविवार, संध्याकाळी ७.०५

ताई... उघडली त्याची आधी दुसऱ्या नव्या डिस्कवर प्रत करा. आजच. लागलं तर मी येतो.

फोटोस्टुडिओ_मेनरोड · रविवार, रात्री ८.२०

गोदाकाठची ताई, तुमच्या त्या १३ सीडी राहिल्या. फेकल्या तर नाहीत ना? एका ड्राइव्हला न वाचता आलेली सीडी दुसऱ्या ड्राइव्हला कधी कधी येते, प्रत्येकाच्या लेझरची नजर थोडी वेगळी असते. माझ्याकडे चार जुने ड्राइव्ह आहेत, त्यातला एक २००६चा, आणि तो बऱ्याच हट्टी सीडी वाचतो. पैशाचं काही नाही. त्यातल्या काही मीच लिहून दिलेल्या असतील.

गोदाकाठची · रविवार, रात्री ८.३५

नाही फेकल्या. मंगळवारी अकराला येते, १३ही घेऊन. स्टिकरवाल्या पाच आहेत.

फोटोस्टुडिओ_मेनरोड · रविवार, रात्री ८.४०

स्टिकर ओढू नका, तसेच राहू द्या. एकेक सीडी वेगळ्या कागदात गुंडाळून आणा.